नावाड्याच्या तोंडची तीन वाक्यं

या घरात 'कार्टून' म्हटलेलं चालत नाही. अ‍ॅनिमे म्हणायचं, आणि तेही जरा आदराने. शेजारच्या काकूंनी एकदा सहज विचारलं, "अजून कार्टून बघतेस होय गं? आता लग्नाचं वय झालं की." लेकीने हातातला कप शांतपणे खाली ठेवला. "काकू, तुमच्या मालिकेतली सून दोनदा मेली आणि दोनदा परत आली. मी काही बोलले का?" काकू हसल्या, पण पुढे बरेच दिवस वाटीभर साखर मागायला आल्या नाहीत. आईच्या जिवाला मात्र तेवढं पुरलं. ही अशीच फाडफाड बोलत राहिली तर हिचं कोणाशी पटणार, हा घोर तिला आधीच होता. त्यात आणखी एका साखरेच्या वाटीची भर पडली.

लेक रंगाच्या दुकानात कामाला होती. पुढे काउंटर, मागे डबे, आणि त्याच्या मागच्या खोलीत ती. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा आणायचं, उशीचा अभ्रा आणायचं, एकाने तर फुटलेल्या बशीचा तुकडा आणला होता. तोच रंग हवा. मग ही थेंबाथेंबाने मिसळायची, पुठ्ठ्यावर एक पट्टा ओढायची आणि वाळेपर्यंत थांबायची. ओला रंग थापा मारतो, असं तिचं म्हणणं. वाळला की तो पट्टा एकदा ट्यूबखाली धरायचा, एकदा खिडकीत न्यायचा. दोन्हीकडे जुळला तरच डबा भरायचा. घाईतलं गिऱ्हाईक वैतागायचं. मालकही वैतागायचा, पण तिने दिलेला डबा कधी परत आला नव्हता, म्हणून गप्प बसायचा.

हाच डोळा घेऊन ती टीव्हीसमोर बसायची. कुठल्याशा नव्या मालिकेतलं आभाळ बघून म्हणायची, "हा निळा कुठल्या डब्यात नसतो. संगणकाने ओतलाय." जुन्या, हाताने रंगवलेल्या चित्रांत ढगाची कड जरा मळकी असते, ती तिला आवडायची. मारामारीच्या मालिका ती हसत हसत बघायची. ठोसा मारायच्या आधी ठोशाचं नाव ओरडतात, ते चालेल, म्हणायची, निदान सांगून मारतात. पण रडता रडता आपण का रडतोय हे समजावून सांगणारा नायक तिला खपत नसे. खलनायक शेवटी पडायला आला की त्याचं दुःखी बालपण दाखवायचं, हे तर मुळीच नाही. "आधी माफी माग म्हणावं. मग तुझी आजारी आई दाखव."

आणि कथा पुढे सरकत नाही म्हणून लोक जे भाग टाळतात, ते तिचे सगळ्यांत लाडके. एका भागात माणसं नुसती कपडे धुऊन वाळत घालतात. तो तिने कितीदा बघितला असेल, तीच जाणे. सुरुवातीची नावं पळवायची नाहीत. वेग वाढवून बघणाऱ्या माणसाशी मैत्री करायची नाही. एक बरा मुलगा सांगून आला होता, बोलता बोलता म्हणाला, मी सगळं दीडपट वेगाने बघतो, वेळ वाचतो. लेकीने घरी येऊन सांगितलं, "वाचलेल्या वेळात दुसरी शोध म्हणावं." आई दोन दिवस तिच्याशी धड बोलली नाही.

तशी आईही लेकीशेजारी बसून बघायची. पोर कशात एवढी बुडते ते कळावं म्हणून. या चित्रपटांत मध्येच एखादं चित्र नुसतं थांबतं. विजेच्या तारा, रिकामा जिना, ओट्यावरचं भांडं. कोणी बोलत नाही, काही हलत नाही. आईला दर वेळी वाटायचं, अडकलं. ती उठून रिमोट दाबायला जायची. "आई, बस. अडकलेलं नाहीये. तो विचार करतोय." "कोण? तिथे माणूस कुठाय?" लेक तिच्या हातातला रिमोट काढून घ्यायची.

तिच्या सगळ्या मतांत एक मत लोखंडी होतं. आपल्या भाषेत आवाज भरलेलं, डब केलेलं काही बघायचं नाही. मूळ जपानी आवाज ऐकायचा, खाली अक्षरं वाचायची. वाचायचा कंटाळा असेल तर झोपायचं.

आता गंमत अशी की तिचे बाबा हेच आवाज भरायचं काम करायचे.

बाबांचा चेहरा गल्लीतला वाणी सोडला तर कोणी ओळखत नव्हतं. आवाज मात्र सगळ्यांना ठाऊक. लिफ्टमध्ये 'दार बंद होत आहे' म्हणणारे ते. पाण्याच्या टाकीच्या जाहिरातीत 'पिढ्यान्‌पिढ्या' म्हणणारे ते. आणि गेली कित्येक वर्षं, तळ्याकाठच्या एका गावाच्या लांबलचक जपानी मालिकेतला म्हातारा नावाडी म्हणजेही तेच. मुलांना नावेतून शाळेत सोडणारा, कुरकुरणारा, दर दोन-चार भागांनी एखादं वाक्य बोलणारा. ती मालिका मूळ भाषेत लेकीला तोंडपाठ होती. वडिलांच्या आवाजातली तिने शाळेत असताना एकदाच बघितली आणि उठून गेली.

"जगाला चालतो मी, घरात माझंच चॅनेल दिसत नाही," बाबा म्हणायचे. लेकीला ते न्यायमूर्ती म्हणायचे. "न्यायमूर्ती, आमची केस कधी ऐकणार?"

"ऐकली असती हो. पण तो नावाडी बोलायला लागला की मला नावाडी दिसतच नाही. बनियनवर दाढी करणारे तुम्ही दिसता."

"मग वाईट काय दिसतं?"

"आणि दुसरं म्हणजे तुम्ही लोक गप्प बसत नाही. माणूस पाठमोरा दिसला, तोंड दिसेनासं झालं, की घाला वाक्य. तिथे मुळात काही नसतं, बाबा. तो नुसता उभा असतो."

बाबा हसायचे. वाक्यं त्यांनी घातलेली नसायची, चॅनेलवाल्यांनी घातलेली असायची. शांतता दिसली की लोक चॅनेल बदलतात, असा त्यांचा हिशोब. पण बाबांनी हे लेकीला कधी सांगितलं नाही. आपल्या धंद्याची उणी बाजू घरात कशाला काढा.

मग त्यांचा आवाज बसला. आधी सर्दी समजून काढे झाले, मग गुळण्या झाल्या. मग डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून बघितलं, तुकडा तपासायला पाठवला आणि तिघांना समोर बसवून सांगितलं. स्वरयंत्र काढावं लागेल, पूर्ण. जीव वाचेल, अशी चांगली आशा आहे. श्वास पुढे गळ्याखालच्या छिद्रातून चालेल. बोलायच्या वेगळ्या पद्धती असतात, त्या शिकवतात, एक यंत्रही मिळतं. "पण हा आवाज नसेल," डॉक्टर म्हणाले, आणि उगाच टेबलावरचं पेन सरळ केलं.

आईने त्या दिवसापासून एक चोरटं काम सुरू केलं. मोबाइलवर आवाज टिपायचं बटण दाबून तो ती फळीवर, उशीजवळ, कपड्यांच्या ढिगात ठेवू लागली. पण बाबांना बोलणं कमी करायला सांगितलेलं. मिळायचं ते असलंच काहीतरी: टॉवेल कुठाय, फोडणी करपली, पंखा लहान कर. एकदा तिने धीर करून म्हटलं, "अहो, काहीतरी वाचून दाखवा ना. साठवून ठेवू." बाबा म्हणाले, "जाहिरात केल्यासारखं वाटेल गं." आणि तो विषय तिथेच संपला.

ऑपरेशनची तारीख ठरली, त्याच सुमारास स्टुडिओतून फोन आला. मालिका संपत होती. नावाड्याचे शेवटच्या भागातले तुकडे राहिले होते. डबिंगचं काम बघणाऱ्या बाई वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या. त्या म्हणाल्या, "दादा, झेपत नसेल तर दुसऱ्याकडून करून घेईन. पण तुमच्याशिवाय मला करवत नाहीये." बाबांनी डॉक्टरांना विचारलं. थोडं बोललात तर चालेल, ओरडू नका, म्हणाले. नावाडी कुठे ओरडतो.

संवादांचे कागद घरी आले. बाबांनी ते जेवायच्या टेबलावर पसरले आणि लेकीला खुणेने बोलावलं. तिने शेवटचा भाग जपानीत बघितला होता.

"शेवटी काय करतो हा?" त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"मुलं मोठी होऊन गाव सोडतात. हा त्यांना शेवटचं पलीकडे पोचवतो. मग रिकामी नाव घेऊन परत निघतो." लेकीने कागद ओढून वाचला आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे काय? ही तीन वाक्यं कुठून आली?"

कागदावर होतं: 'काळजी घे. दिवा लावून ठेव. मी पलीकडेच आहे.'

"तो पाठमोरा असतो. वल्हं मारतो. काही म्हणजे काही बोलत नाही. त्या सीनची सगळी किंमत त्यात आहे, बाबा. इतकी वर्षं कुरकुर केली, आणि आता बोलायची वेळ आली तर त्याला बोलता येत नाही. आणि यांनी त्याच्या तोंडात पत्रिकेतला मजकूर घातला."

आई ओट्याशी उभी होती. तिने ती तीन वाक्यं ऐकली आणि तिच्या हातातली भाजी तशीच राहिली. काळजी घे. दिवा लावून ठेव. मी पलीकडेच आहे. टॉवेल आणि फोडणीच्या मागे धावून जे मिळालं नाही, ते कोणीतरी आयतं लिहून पाठवलं होतं. तिच्या नवऱ्याच्या आवाजात, चांगल्या माईकवर, स्वच्छ.

तिने लेकीला आत बोलावलं आणि दार लोटलं. "एवढी एक वेळ तुझ्या मताला सुट्टी दे."

"मत नाही गं हे. तिथे वाक्यच नाहीये."

"त्यांचं शेवटचं काम आहे. छान आहे म्हण, आणि गप्प बस. सगळं जग तुझ्या डब्यातल्या रंगासारखं जुळलंच पाहिजे का?"

"त्यांनी मला विचारलं, आई. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. खोटं सांगू?"

आईने दाराची कडी चाचपली. मोबाइलचं, साठवण्याचं खरं कारण सांगायचं तर ते तोंडातून बाहेर पडेना. सांगितलं की ते खरं होईल, अशी काहीशी भीती.

स्टुडिओ म्हणजे एका जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या. भिंतींना करड्या स्पंजचे चौकोन, मध्ये जाड काच. काचेपलीकडे माईक, कागद ठेवायचा स्टँड आणि एक पडदा. अलीकडे यंत्रं, खुर्च्या आणि डबिंगच्या बाई. त्यांनी आईला पुढे बसवलं. "वहिनी, इथून चांगलं दिसतं." लेक मागे भिंतीला टेकून उभी राहिली, हाताची घडी घालून.

बाबांनी कानावर हेडफोन चढवले. आधीचे तुकडे पटपट झाले. मुलाला दटावणं, खोकणं, दोरी सोडताना 'हं' म्हणणं. घोगरा आवाज म्हाताऱ्याला शोभत होता. बाई म्हणाल्याही, "दादा, आता कुठे नावाड्याचं वय झालं तुमचं." बाबांनी काचेतून अंगठा दाखवला.

मग शेवटचा तुकडा आला. पडद्यावर तळं, धुकं, पाठमोरा म्हातारा. बाबांनी बाहेर लेकीकडे बघितलं. लेकीने मान हलवली. नाही. बाबांनी आईकडे बघितलं. आईने काही हलवलं नाही, पण तिचा चेहरा कसा झाला असेल कोण जाणे, कारण बाबा थोडा वेळ तिच्याकडेच बघत राहिले. मग त्यांनी बाईंना सांगितलं, "वाक्यं घेऊ."

लेकीच्या हाताची घडी आणखी घट्ट झाली.

पडद्यावर वल्हं पाण्यात गेलं. "काळजी घे," नावाडी म्हणाला. "दिवा लावून ठेव. मी पलीकडेच आहे."

सुंदर झालं. कापरा, ओला, घरंदाज आवाज. यंत्रावर बसलेल्या माणसानेही मान डोलावली. आईने डोळ्यांना पदर लावायचा म्हणून हात उचलला, आणि तो वाटेतच थांबला. रडू येत नव्हतं. तिने कान देऊन आठवून बघितलं. हा माणूस तिच्या घरातला नव्हता. हा तळ्याकाठचा म्हातारा होता. तिच्या नवऱ्याने आयुष्यात कधी 'दिवा लावून ठेव' म्हटलं नव्हतं. तो म्हणायचा, 'बल्ब गेलाय, आणायचाय'. हे वाक्य फ्रेम करून भिंतीवर लावलं असतं तरी त्याच्याकडे बघून कोणाची आठवण आली असती?

"ओके, दादा," बाई म्हणाल्या. "मस्त."

बाबांनी बोट वर केलं. "एक अजून. न बोलता."

"न बोलता म्हणजे?"

"न्यायमूर्ती म्हणतात तसं. बघू तरी."

बाईंनी खांदे उडवले आणि चित्र पुन्हा लावलं. धुकं आलं. वल्हं पाण्यात गेलं. बाबा माईकसमोर उभे राहिले आणि काहीच बोलले नाहीत. खोलीत यंत्राची घरघर तेवढी. मग नाव वळते तिथे त्यांनी नाकातून एक श्वास घेतला, लांब, आणि हळूच सोडला, शेवटी किंचित अडखळत. बस, एवढंच.

आईचा हात तोंडावर गेला.

तो श्वास तिला ठाऊक होता. कामावरून आल्यावर चपला काढून पलंगाच्या कडेला बसताना. तिच्या वडिलांना पोचवून परत आल्यावर, जिन्यात. लेक झाली तेव्हा दवाखान्याच्या दारात, आत यायच्या आधी. लग्नानंतरची इतकी वर्षं ती हा श्वास ऐकत आली होती आणि तो जपून ठेवावा असं तिच्या कधी मनात आलं नव्हतं, कारण तो काही बोलणं नव्हे. आणि आता ऑपरेशननंतर हवा नाकातून जाणार नाही, गळ्यातून जाणार, हे डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. आवाज जाणार हे तिला कळलं होतं. हेही जाणार, हे आत्ता कळलं.

"वहिनी?" बाईंनी विचारलं. "बऱ्या आहात ना?" मग त्या यंत्रावरच्या माणसाकडे वळल्या. "पहिलाच ठेवू. चॅनेलला वाक्यं हवीत."

"दुसरा," आई म्हणाली.

बाई थांबल्या. मागे भिंतीशी लेकीच्या हाताची घडी सुटली.

"दुसरा ठेवा," आई पुन्हा म्हणाली. "आणि तो मला द्याल का? माझ्या मोबाइलवर. नुसता तेवढाच."

काचेपलीकडे बाबांना काही ऐकू गेलं नव्हतं. ते हेडफोन काढून कागद गोळा करत होते.

ऑपरेशन झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. दवाखान्यातल्या बाकावर आई आणि लेक आळीपाळीने बसल्या, आणि एकमेकींना आळीपाळीने घरी जायला सांगत राहिल्या, आणि कोणी गेलं नाही. बाबा घरी आले तेव्हा गळ्यावर पातळ कापडाची चौकोनी झालर होती आणि हातात एक घंटी, हाक मारायला. घंटी ते फार वाजवायचे. आई धावत गेली की खिडकीकडे बोट दाखवायचे: बघ, ऊन पडलंय. आधी एवढं कधी बोलले नव्हते.

अशाच एका सकाळी डबिंगच्या बाईंचा फोन आला. आवाज अवघडलेला. "वहिनी, चॅनेलवाले ऐकत नाहीत. तो तुकडा रिकामा वाटतो म्हणतात. दादांनी केलेली वाक्यं लावू का? तीही दादांचीच आहेत. तुम्ही नाही म्हणालात तर मी भांडून बघते. पण कारण काय देऊ?"

आईने फोन कानाशी धरून खोलीत बघितलं. बाबा पलंगावर बसले होते. लेक कामावर जायच्या घाईत, केसांत फणी अडकलेली, तशीच थांबली होती. फोनमधला आवाज मोठा होता, दोघांना कळलं होतं काय चाललंय ते. लेकीने तोंड उघडलं. तिच्याकडे मत होतं, नाही असं कसं होईल. पण तिने तोंड मिटलं आणि फणी ओढली.

"रिकामं नाही ते," आई म्हणाली. "त्यांना सांगा, आवाज वाढवून ऐका. माणूस आहे तिथे. त्याला बोलता येत नाहीये, म्हणून गप्प आहे."

"सांगते," बाई म्हणाल्या.

सांगितलं की नाही, भांडण किती झालं, ते कळलं नाही. तो भाग लागला त्या दुपारी तिघं टीव्हीसमोर बसली. लेक सुट्टी घेऊन आली होती. तिने खाली अक्षरं लावली नाहीत. सुरुवातीची नावं आली, ती तिघांनी शेवटपर्यंत बघितली. मुलं बोलली, रडली. आपण का रडतोय ते एकाने समजावूनही सांगितलं, आणि लेकीने डोळे फिरवले. मग तळं आलं, धुकं आलं. बाबांनी आपल्या गळ्यावरच्या कापडावर हात ठेवला.

श्वास तिथे होता. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कदाचित पाण्याचा आवाज वाटला असता. आई पुढे वाकून ऐकत होती. लेक टीव्हीकडे बघतच नव्हती, ती बाबांकडे बघत होती. चित्र संपलं, जाहिरात लागली. बाबांनी लेकीपुढे तळहात उघडा धरला: बोला, न्यायमूर्ती.

लेक काहीतरी म्हणायला गेली. मग तिने तो तळहात दोन्ही हातांत धरला आणि तशीच बसून राहिली. आई उठली, आणि टीव्हीचा आवाज बंद करून त्यांच्या शेजारी येऊन टेकली.